क्लासमध्ये कळतं पण घरी येत नाही : अकरावी सायन्सच्या एका मुलीची केस

दहावीला ९३ टक्के, गावच्या हायस्कूलात पहिली, चौकात बॅनरवर फोटो, आणि अकरावी सायन्सच्या पहिल्या युनिट टेस्टला फिजिक्समध्ये २५ पैकी ६. यात जगावेगळं काही नाही, मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते आणि गणपतीच्या आसपास असे चेहरे दरवर्षी स्टाफरूमच्या दारात उभे असतात. पण या पोरीची केस सविस्तर लिहावीशी वाटली कारण ती आळशी नव्हती, मोबाइलचं वेड नव्हतं, घरी कटकट नव्हती, म्हणजे मार्क कमी पडले की आपण सगळे जी ठरलेली कारणं सांगून मोकळे होतो त्यातलं एकही इथे बसत नव्हतं. नाव-गाव देत नाही, गरज पण नाही.

घरची परिस्थिती थोडक्यात सांगते. वडील दूध संकलन केंद्रावर, आई अंगणवाडीत मदतनीस, घरात सायन्स घेतलेलं हे पहिलंच पोर. शिक्षण पूर्ण मराठी माध्यमात. मुलींना एसटीचा मोफत पास असतो ना अहिल्याबाई होळकर योजनेचा, त्या पासवर रोज सकाळी तालुक्याला यायचं, आधी खाजगी क्लास, मग कॉलेज, मग संध्याकाळची गाडी मिळेल ती. ग्रुप पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, डोक्यात इंजिनिअरिंग. पहाटे साडेचारला उठायची आणि रात्री अकरा-साडेअकराला झोपायची आणि मला पहिल्यांदा भेटली तेव्हा पहिलं वाक्य हेच की "मॅडम, मी रोज पाच तास अभ्यास करते, क्लासमध्ये सगळं कळतं, घरी आल्यावर येत नाही."

हे वाक्य प्रत्येक सायन्सच्या शिक्षकाने हजारदा ऐकलेलं असतं आणि बहुतेक वेळा आपण त्यावर "प्रॅक्टिस कर गं अजून" एवढं बोलून पुढच्या तासाला पळतो. तिने वही पुढे केली. वही म्हणजे काय सांगू, लाल पेनने हेडिंग खाली डबल लाइन, फॉर्म्युल्याभोवती हिरवी चौकट, महत्त्वाच्या ओळींवर पिवळा हायलायटर, जरा जास्त महत्त्वाच्या ओळींवर गुलाबी, आकृत्या पट्टीने काढलेल्या. क्लासमध्ये कच्ची वही आणि घरी येऊन त्याच नोट्स पक्क्या वहीत उतरवायच्या असा रोजचा कार्यक्रम. मी म्हटलं वही मिट आणि हा कागद घे.

एक सोपं न्युमेरिकल दिलं. ३० अंशाच्या उतारावर ५ किलोचा ठोकळा ठेवलाय, स्टॅटिक फ्रिक्शनचा, म्हणजे वस्तू जागेवर असतानाच्या घर्षणाचा, गुणांक (म्यू) ०.६ आहे, ठोकळा जागचा हलत नाहीये, तर घर्षण बल किती? g ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत १० धर. तिने अर्ध्या मिनिटात लिहिलं, f (घर्षण) बरोबर म्यू गुणिले N (पृष्ठभाग ठोकळ्याला लावतो ते लंब बल), N म्हणजे mg (वजन), म्हणून ०.६ गुणिले ५० बरोबर ३० न्यूटन. आणि खाली दोन रेघा मारल्या, उत्तराला.

आता यात दोन चुका आहेत आणि त्या दोन वेगळ्या जातीच्या आहेत. पहिली, उतारावर N हा mg नसतोच, तो उताराला लंब असतो, म्हणजे mg cos ३०, साधारण ४३.३ न्यूटन, त्याला ०.६ ने गुणलं की २६ च्या आसपास येतं. बऱ्याच हुशार मुलांचं उत्तर इथे थांबतं, २६. पण २६ ही झाली घर्षणाची कमाल मर्यादा. ठोकळ्याला उतारावरून खाली ओढतंय किती, तर mg sin ३०, म्हणजे २५. ठोकळा जागेवर आहे म्हटल्यावर घर्षण पण २५ च लावणार, जेवढ्यास तेवढं, उगाच एक न्यूटन जास्त कशाला लावेल. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली "हो मॅडम, हे माहितीय मला" आणि पक्की वही उघडून दाखवलं. खरंच होतं. स्टॅटिक फ्रिक्शन हा सेल्फ ॲडजस्टिंग फोर्स आहे हे वाक्य गुलाबी हायलायटरखाली होतं, आणि त्याच्या पुढच्या पानावर उतारावरच्या ठोकळ्याचंच सोडवलेलं उदाहरण होतं, नुसते आकडे वेगळे.

माझ्या मते सगळी केस या दोन पानांमध्ये आहे. तिला ते माहीत होतं, वही उघडी असताना. वही मिटली की त्या माहितीचा रस्ताच बंद. आणि ती रोज पाच तास जे काही करत होती त्यात वही मिटण्याची वेळ कधी येतच नव्हती.

मी तिला एक आठवडा फक्त नोंद ठेवायला सांगितली, अभ्यास बदलायचा नाही, नुसतं लिहायचं की या अर्ध्या तासात हाताने नेमकं काय केलं. आठवड्याने कागद आणला तर त्यात नोट्स उतरवणे, धडा वाचणे, क्लासचं रेकॉर्डेड लेक्चर दीडच्या स्पीडने पुन्हा बघणे, सोडवलेली गणितं पुन्हा वाचणे, हेच सगळीकडे. स्वतः, कुठेही न बघता, कोऱ्या कागदावर गणित सोडवलंय असा वेळ रोजचा जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं, आणि त्यात पण अडलं की लगेच मागच्या पानावरचं उत्तर. हा अभ्यास खोटा नव्हता, पोरगी खरंच थकत होती. पण विहिरीच्या काठावर बसून पोहण्याचं निरीक्षण करण्यासारखं चाललं होतं ते.

दहावीपर्यंत हे का चाललं हा प्रश्न तिच्या वडिलांनी विचारला आणि तो रास्त आहे. दहावीच्या सायन्सला बहुतेक प्रश्न पुस्तकातल्या स्वाध्यायाच्या जवळपासचे असतात, कारणे द्या, फरक स्पष्ट करा, व्याख्या लिहा, एखादं उदाहरण ज्यात सूत्रात किंमती टाकल्या की झालं. वाचून-वाचून लक्षात राहिलेलं तिथे पुरतं. अकरावीला एका धड्यात जेवढा मजकूर असतो तेवढा दहावीच्या तीन धड्यांत नसेल, भाषा इंग्रजी, आणि गणित असं येतं की कुठलं सूत्र लावायचं हेच आधी शोधायला लागतं. पद्धत तीच ठेवून मेहनत वाढवली की माणूस फक्त दमतो.

इथे थोडं संशोधनाचं सांगते, कारण मी जे तिला करायला लावलं ते माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली एक प्रयोग छापला. कॉलेजच्या पोरांना एक उतारा दिला, एका गटाने तो चार वेळा वाचला, दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग तीन वेळा उतारा न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर वाचणाऱ्यांचं ४० टक्क्यांवर आलं आणि आठवून लिहिणारे ६१ वर. आणि मला सगळ्यात भारी वाटणारा भाग म्हणजे आठवड्यानंतर आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा वाचणाऱ्या गटालाच जास्त होता. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला तेव्हा स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं या दोनच पद्धती त्यांनी वरच्या रांगेत ठेवल्या, हायलायटर आणि पुन्हा पुन्हा वाचणं खालच्या रांगेत. म्हणजे आमच्या पोरीची आख्खी दिनचर्या खालच्या रांगेत होती.

मग सुरुवात केली. एकदम सगळं बदलायला सांगितलं असतं तर आठवड्यात सोडून दिलं असतं, म्हणून पहिल्यांदा एकच गोष्ट, पक्की वही बंद. नोट्स उतरवायला जो तास-सव्वा तास जात होता त्या वेळात कोरा कागद घ्यायचा, आज तासाला काय झालं ते पुस्तक न उघडता लिहायचं, मोडकं-तोडकं, मराठीत, इंग्रजीत, चित्र काढून, कसंही. लिहून संपलं की मगच पुस्तक उघडायचं आणि जे सुटलं ते लाल पेनने त्याच कागदावर. तिला आधी एसटीत बसून हे करायचं होतं, वेळ वाचेल म्हणून, पण आमच्याकडच्या रस्त्यांवर एसटीत पेन धरून दाखवावं कोणी. शेवटी स्टँडवर गाडीची वाट बघताना लिहायचं आणि गाडीत बसल्यावर नुसतं मनात, आज फिजिक्सला काय, केमिस्ट्रीला काय, असं ठरलं.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. कागदावर चार ओळी यायच्या आणि संपायचं. तिला वाटायला लागलं की आपण अजून ढ होत चाललोय. आईचा फोन आला, "मॅडम, आधी पोरगी पुस्तक घेऊन बसायची तरी, आता नुसती कोऱ्या कागदाकडं बघत बसती." मी त्यांना म्हटलं ताई, ते बघत बसणं हाच अभ्यास आहे, जरा धीर धरा. पटलं असेल असं नाही, पण त्यांनी अडवलं नाही, एवढं पुरे.

आता न्युमेरिकल. इथे एक गोष्ट लोक घाईत करतात, ती म्हणजे "उदाहरणं बघू नको, डायरेक्ट सोडव". नवीन धडा असेल आणि पाया कच्चा असेल तर हे चूक आहे, पोरगं अर्धा तास झगडतं आणि हाती काही लागत नाही. सुरुवातीला सोडवलेली उदाहरणं हवीतच, फक्त ती कशी वाचायची हे कोणी शिकवत नाही. आम्ही असं केलं की पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण घ्यायचं, उत्तरावर कागद झाकायचा, पहिली ओळ स्वतः लिहायची, मग कागद एक ओळ खाली सरकवायचा. जुळली तर पुढे. नाही जुळली तर समासात लिहायचं की त्यांनी ही ओळ का लिहिली असेल. "का" ला उत्तर सापडेना तर तिथे प्रश्नचिन्ह, ते दुसऱ्या दिवशी मला विचारायचं. रेकॉर्डेड लेक्चरचं पण तेच, सरांनी प्रश्न वाचला की पॉज, दहा मिनिटं आपण, मग प्ले. दीडच्या स्पीडने बघण्यातला सगळा फायदा यात जातो हे उघड आहे, पण तो फायदा होता कुठे.

घर्षणाच्या गणिताकडे परत येते कारण तिच्या चुकांची वही तिथूनच सुरू झाली. साधी शंभर पानी वही. प्रत्येक चुकलेल्या गणिताला एक ओळ, कुठे चुकलं आणि कशामुळे. अट एकच, "सिली मिस्टेक" हा शब्द लिहायचा नाही. हा शब्द म्हणजे चुकीवर पांघरूण आहे, मुलं चिन्ह चुकलं तरी सिली म्हणतात, एकक चुकलं तरी सिली, आणि आख्खी संकल्पना चुकली तरी सिलीच. महिनाभराने आम्ही दोघींनी ती वही मांडून बसून बघितली तर जवळजवळ अर्ध्या चुका दोनच ठिकाणच्या निघाल्या. एक तर फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तूवर लागणारी सगळी बलं दाखवणारी आकृती, काढायचीच नाही, डायरेक्ट सूत्र. दुसरी मला अपेक्षित नव्हती, साइन आणि कोसाइन. कोन कुठल्या बाजूशी आहे यावरून mg चा कुठला भाग साइन आणि कुठला कोसाइन, हे ती पाठ करून ठरवत होती, "उतारावर खाली साइन" असं. कोन उभ्या रेषेपासून दिला की गडबड. म्हणजे फिजिक्सचे मार्क जात होते आणि दुखणं होतं त्रिकोणमितीत. मग दहावीच्या गणित भाग २ चा त्रिकोणमितीचा धडा पुन्हा काढला, तिला थोडा अपमान वाटला, पण चार दिवसांत ते झालं आणि पुढे व्हेक्टरलाही उपयोगी पडलं. चुकांची वही नसती तर हे कधी कळलंच नसतं, कारण नुसते मार्क बघून एवढंच दिसतं की फिजिक्स कच्चं आहे.

घरी कालनिर्णय भिंतीवर होतंच. एखादा टॉपिक झाला की त्याच्या दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने, त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने टॉपिकचं नाव. त्या दिवशी तो टॉपिक उघडून वाचायचा नाही, कोऱ्या कागदावर दहा मिनिटं काढायचा. संकष्टी आणि दुधाच्या हिशोबाच्या शेजारी "प्रोजेक्टाइल" लिहिलेलं बघून पाहुणे विचारायचे म्हणे. सगळ्या तारखा पाळल्या गेल्या असं अजिबात नाही, ऊस तोडणीच्या दिवसात आणि घरातल्या एका लग्नात तीन आठवडे सगळं कोलमडलं, पण पेन्सिलने लिहिलेलं असल्यामुळे खोडून पुढे ढकलता आलं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो मात्र चिठ्ठ्यांनी. क्लास असो वा पुस्तक, गणितं धड्यानुसार असतात, घर्षणाच्या धड्याखाली घर्षणाचीच गणितं. त्यामुळे कुठलं तत्त्व लावायचं हा प्रश्नच सुटलेला असतो, नुसत्या किंमती टाकायच्या उरतात. परीक्षेत वर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं. १९८१ मध्ये ची, फेल्टोविच आणि ग्लेसर यांनी फिजिक्सची गणितं नवख्या विद्यार्थ्यांना आणि पीएचडी करणाऱ्यांना गट करायला दिली होती, नवख्यांनी उताराची एका गटात, स्प्रिंगची एका गटात असे दिसण्यावरून गट केले, जाणकारांनी ऊर्जा अक्षय्यता, न्यूटनचा दुसरा नियम असे तत्त्वावरून. आमच्या पोरीला उतार दिसला की घर्षण आठवायचं, भले गणित ऊर्जेने तीन ओळीत सुटणारं असो.

तर रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीवर एक गणित, झालेल्या सगळ्या धड्यांमधून. रविवारी डोळे मिटून आठ-दहा काढायच्या. पहिल्यांदा सोडवायचं पण नाही, नुसतं एक वाक्य लिहायचं की यात कुठलं तत्त्व लागेल आणि का, मग सोडवायचं. पहिल्या रविवारी दहातली तीन आली आणि ती रडकुंडीला आली. मी तिला रोहरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगाचे आकडे सांगितले, घनाकृतींच्या घनफळाची गणितं होती, एकाच प्रकारची सलग सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांना ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर सलगवाल्यांचे २० टक्के आणि मिसळवाल्यांचे ६३. तिने ते आकडे डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले. संशोधनाचा याहून चांगला उपयोग मी तरी बघितला नाही.

केमिस्ट्रीबद्दल फार लिहीत नाही, दुखणं तेच. १८ ग्रॅम पाण्यात किती मोल म्हटलं की एक असं झटकन सांगायची, पण ९ ग्रॅम पाण्यात हायड्रोजनचे अणू किती म्हटलं की थांबायची. अर्धा मोल पाणी, प्रत्येक रेणूत दोन हायड्रोजन, म्हणजे एक मोल अणू, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, यात नवीन सूत्र एकही नाही. कोरा कागद तिथेही चालला. पाठांतराच्या गोष्टी, म्हणजे आयनांचे चार्ज, संयुगांची नावं, यासाठी छोटी कार्डं केली, पुढे प्रश्न मागे उत्तर. इथे एक गंमत झाली, तिने तीन दिवस कार्डं करण्यातच घालवले, रंगीत, बॉर्डरसकट. जुनी पक्की वही नवीन रूपात परत आली होती. मग नियम केला की कार्ड एका पेनने आणि एका मिनिटात.

भाषेचं पण एक होतं. तिला समजायचं मराठीत, लिहायचं इंग्रजीत. काही जण सांगतात पहिल्या दिवसापासून विचारसुद्धा इंग्रजीत करा, मला ते पटत नाही. एसटीत शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला तिने रोज एक टॉपिक मराठीत समजावून सांगायचा, आणि घरी येऊन त्याच टॉपिकचं चार ओळीचं उत्तर इंग्रजीत लिहायचं. मैत्रीण कॉमर्सची होती. ते फारच बरं झालं, कारण ती कुठेही मान डोलवून पुढे जाऊ द्यायची नाही, "म्हणजे काय गं" असं विचारायची. टॉर्क (बलाचा फिरवण्याचा परिणाम) म्हणजे काय हे कॉमर्सच्या पोरीला दाराच्या कडीवरून समजावता आलं म्हणजे धडा झाला असं आम्ही धरायचो. चार जणींचा ग्रुप स्टडी पण करून बघितला, तो दोन आठवड्यांत गप्पांचा अड्डा झाला, बंद केला.

प्रॅक्टिकलचा विषय काढला की माझा आवाज वाढतो, तरी थोडं. जर्नल उतरवायचं हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद आहे, मागच्या वर्षीच्या दादा-ताईची रीडिंग्ज आपल्या वहीत, आलेख आधी ठरवून सरळ रेषेत. तिची लंबकाच्या प्रयोगाची सगळी रीडिंग्ज दशांशापर्यंत शेजारच्या मुलीसारखी होती. मी परत करायला लावला, एकटीने, वीस आंदोलनांचा वेळ, पाच वेगवेगळ्या लांब्या. लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख काढला, एक बिंदू रेषेच्या बराच बाहेर. तो का बाहेर, हे शोधताना तिला कळलं की लांबी तिने हुकपासून मोजली होती, गोळ्याची त्रिज्या धरली नव्हती, आणि तीही फक्त त्या एकाच वेळी. आलेखाच्या चढाला ४ पाय वर्गाने गुणलं की g येतो हे त्यानंतर तिला कधी पाठ करावं लागलं नाही.

झोप. साडेचारला उठणं बंद करायला सगळ्यात जास्त वाद घालावा लागला, आपल्याकडे पहाटे उठणारा विद्यार्थी म्हणजे पुण्यवान अशी समजूत. पाच तासांच्या झोपेवर दुपारच्या तासाला डुलक्या यायच्या. वेळ सहावर आणला, एकूण अभ्यासाचे तास साडेतीनवर आले. वडील काळजीत.

निकाल सांगते, उगाच चमत्कार वगैरे नाही. दिवाळीआधीच्या सहामाहीला फिजिक्स ५० पैकी १९. म्हणजे पास, बस. त्या वेळी ती जुन्या पद्धतीकडे परत जायला निघाली होती आणि तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, एवढं करून १९ च. मी तिला उत्तरपत्रिका उघडायला लावली आणि मार्क गेले कुठे ते चुकांच्या वहीसारखं मांडायला लावलं. संकल्पनेच्या चुका बऱ्याच कमी होत्या, मार्क गेले होते डेरिव्हेशन (सूत्र पायरीपायरीने सिद्ध करणं) अर्धवट सोडल्यामुळे आणि वेळ न पुरल्यामुळे. मग डेरिव्हेशनला पण कोरा कागद, पहिली आकृती, मग कुठून सुरुवात आणि कुठे पोचायचंय, मधल्या ओळी त्यानंतर. दुसऱ्या युनिट टेस्टला २५ पैकी १४, वार्षिकला थिअरीत ७० पैकी ४६. मॅथ्स मात्र फारसं वर आलं नाही, तिथे पाठ धरून बसणारं कोणी नव्हतं आणि माझा तो विषय नाही. तिच्या बरोबरच्या ज्या मुलींना मी हेच सगळं एकदा वर्गात सांगितलं होतं त्यातल्या फार थोड्यांनी केलं. सांगून होत नाही हे, कोणीतरी दर आठवड्याला कागद मागणारं लागतं, आणि ऐंशी पोरांच्या वर्गात एक शिक्षक किती कागद मागणार हा प्रश्न मी सोडवलेला नाही.

आता ती बारावीला आहे, रोटेशनल डायनॅमिक्स चालू आहे, चिठ्ठ्यांच्या डब्यात अकरावीच्या चिठ्ठ्या तशाच ठेवल्यात कारण एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेत, २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. नवीन अडचण वेगाची आहे. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद, आणि ही बाई प्रत्येक गणिताला पट्टीने फ्री बॉडी डायग्राम काढते. घड्याळ लावून बसवलं तर ४५ मिनिटांत ५० पैकी तीसेक प्रश्नांपर्यंत पोचते, त्यातले बहुतेक बरोबर असतात, उरलेले कोरे. निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे कोरं सोडण्यात काहीच अर्थ नाही हे तिला समजावून झालंय. सध्या पट्टी काढून घेतलीय, आकृती हाताने आणि वाटाण्याएवढी, आणि चिठ्ठी काढली की आधी वीस सेकंदांत ठरवायचं की हे आत्ता सोडवायचं का शेवटी. वडील विचारत होते क्रॅश कोर्स लावू का म्हणून. मी म्हटलं दिवाळीपर्यंत दर रविवारी घड्याळ लावून एक पेपर होऊ दे, चुकांची वही घेऊन तुम्ही पण या, मग बघू.